सात नंबरचा दगड

सात नंबरच्या गाडीचा दगड अक्काने स्वतः निवडून आणलेला होता. ओढ्यातला नव्हे. ओढ्यातला दगड गोल, तो चाकाखालून साबणासारखा निसटतो. हा खाणीच्या कडेच्या ढिगातला होता. एक बाजू सपाट, दुसरी उतरती, आणि वजन इतकंच, की एका हाताने उचलला तर मनगट कुरकुरेल पण नाही म्हणणार नाही. चार वर्षं तो गाडीच्या मागच्या फळीवर, तिच्या पायाशी बसून गावभर हिंडत होता. टायरचा काळा वण त्याच्या उतरत्या अंगावर कायमचा उठला होता. पाठीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत ७ होता.

तो आकडा पालिकेच्याच स्टोअरकीपरने काढला होता, पालिकेच्याच डब्यातल्या रंगाने. कारण पालिकेच्या नऊ कचरागाड्यांपैकी एकीचाही हँडब्रेक धरत नव्हता. सगळ्या दगडावर थांबायच्या. आणि चांगला दगड दिसला की दुसऱ्या गाडीवरचे लोक तो हळूच पळवायचे. रोज सकाळी दगडावरून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार होऊ लागला, तेव्हा स्टोअरकीपर वैतागला, ब्रश घेऊन बाहेर आला आणि एक ते नऊ आकडे घालून मोकळा झाला. "आता भांडा," म्हणाला. एवढ्यावर हँडब्रेकचा विषय मिटला.

गाडी चालवायचा अक्काचा भाऊ. गावाला तो डायव्हर, अक्काला धाकट्या. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्याला कडेवर घेऊन हिंडता हिंडता अक्काची एक बाजू जरा कललेली राहिली ती राहिलीच. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि रोजंदारीवर त्याच्याच गाडीच्या मागे उभी राहू लागली. कागदावर गाडीवर तीन माणसं होती. तिसरं माणूस मोठ्या साहेबांच्या बागेला पाणी घालायचं.

त्यामुळे काम असं चालायचं. गाडी थांबली की धाकटा ब्रेकवर पाय रोवून बसायचा. इंजिन बंद करायची सोय नव्हती. बॅटरी मेलेली, एकदा बंद झालं की धक्का मारायला चार माणसं शोधा. अक्का फळीवरून उतरायची, डाव्या मागच्या चाकाखाली दगड सरकवायची, टाचेने घट्ट बसवायची आणि उघड्या तळव्याने पत्र्यावर दोन ठोके द्यायची. मग धाकटा पाय काढायचा. गाडी वीतभर मागे यायची, दगडावर बसायची, आणि दमलेल्या म्हातारीसारखी हुश्श करायची. मग तो उतरून टोपलं उचलायला यायचा. दिवसातून साठ-सत्तर वेळा हे चालायचं. चार वर्षांत धाकट्याने एकदाही आरशात बघितलं नव्हतं. ठोके आले की पाय उठायचा. पायाला ते कळायचं, डोक्यापर्यंत जायची गरजच नव्हती.

त्या हंगामात टोमॅटो वेड्यासारखा आला. सुरुवातीला लोक खूश होते, मग बाजारात त्याला कुणी हात लावेना, आणि मग शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट बाजाराच्या चढावर ओतायला सुरुवात केली. घरी न्यायचा तर पुन्हा गाडीभाडं कुणी द्यायचं? उन्हात ढीग फुटायचे. आंबूस वास कपड्यांत, केसांत, डब्यात शिरायचा. अक्काच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि त्यांत तो रस गेला की डोळ्यांतून पाणी यायचं. पालिकेने हातमोजे दिले होते, दोन माणसांत एक जोड. डावा अक्काकडे, उजवा धाकट्याकडे.

"निदान लग्न झालेल्यांसारखं दिसतं," स्टोअरकीपर म्हणाला होता.

"आम्ही बहीणभाऊ आहोत, मेल्या," अक्का म्हणाली होती.

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी बाजारात कुणी बडा पाहुणा ते टोमॅटो बघायला येणार होता. म्हणजे टोमॅटोंचं काय करायचं ते बघायला नव्हे, नुसतं बघायला. आणि त्याने बघण्याआधी ते तिथून उचलायचे होते. मुकादम सकाळपासून फटफटीवरून बाजाराच्या फेऱ्या मारत होता. अंगाने आडवा, गळ्यात शिट्टी, उजव्या हातात अंगठ्याएवढी जाड अंगठी. ती अंगठी तो बोलताना टेबलावर, खांबावर, दिसेल त्यावर वाजवायचा.

गाडी चढावर थांबली. चढाच्या पायथ्याशी पंक्चरवाल्याची पत्र्याची टपरी. टपरीबाहेर बुटक्या स्टुलावर बसून तो टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवत होता, बुडबुडा कुठून येतोय ते बघत. चढाकडे त्याची पाठ होती. अक्का फळीवरून उतरली, दगड उचलला.

"ए अक्के! तो गेटपाशीचा ढीग आधी!"

"दगड लावते नि येते."

"दगडाला काय मुहूर्त लागलाय? पाहुण्याची गाडी वळणावर आलीय. आधी ढीग म्हटलं ना!"

अक्काने धाकट्याच्या बाजूला बघितलं. त्याचा पाय ब्रेकवर होता, ठोके आल्याशिवाय उठणार नव्हता. तिने दगड रस्त्याच्या कडेला ठेवला आणि फावडं घेऊन गेटकडे पळाली. सहा पावलं गेली असेल, सात नाही.

मुकादम गाडीकडे वळला. "आणि हा काय बसलाय नवरदेवासारखा!" असं तो म्हणाला, पण इंजिनच्या घरघरीत ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नसेल. त्याने हात उचलला आणि पत्र्यावर हाणला. एकदा. पुन्हा एकदा.

गाडी त्याच घरघरीत, वेगळा आवाज न करता निघाली. अक्काला पुढे कितीतरी दिवस याचाच राग येत राहिला, की तिने आवाज केला नाही. टोमॅटोच्या चिखलावरून गाडी अशी घसरत गेली, जशी कुणाचा निरोप न घेता निघालेली बाई. धाकट्याचा एक पाय जमिनीवर होता, एक पायरीवर. तो दाराला लोंबकळत परत आत चढला, ब्रेकवर पाय मारला, आणि रसाने बुळबुळीत झालेला बूट पेडलवरून सटकला.

"पंक्चर!" अक्का ओरडली. त्याचं खरं नाव तिला ठाऊक होतं, पण तोंडात हेच आलं.

तो वळला. टब उलटला, स्टूल मोडलं, चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं आणि टपरीला पाठ लावून गाडी थांबली.

लोक धावले आणि चार पावलांवर थांबले. इतकं लाल होतं, की त्यात रक्त कुठलं आणि टोमॅटो कुठला ते कळत नव्हतं. अक्का गुडघ्यांवर बसली. पंक्चरवाल्याचं तोंड पांढरं पडलं होतं, पण डोळे जागे होते.

"ट्यूब बांध," तो म्हणाला. "वर. गुडघ्याच्या वर. अजून ओढ. अगं ओढ, फाटत नाही ती, मी लावलीय ती."

तिने ट्यूब ओढली. दातात धरून गाठ मारली. धाकटा शेजारी उभा होता, दोन्ही हात पुढे धरून, जणू ते कुणा दुसऱ्याचे हात होते.

गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. 'अपघात झाल्यास कर्मचाऱ्याने काय करावे.' अक्का शाळेत दोनच वर्षं गेली होती. बाकीचं वाचन ती त्या कागदावर शिकली होती, गाडी हलत असताना, एका ओळीला एक महिना या हिशेबाने. सगळ्या सहाच्या सहा ओळी तिला पाठ होत्या. जखमीला आधी मदत. ते झालं. गाडी जागची हलवू नये. वरिष्ठांना आणि पोलिसांना कळवावे.

"गाडी काढ!" मुकादम धाकट्याला म्हणत होता. "यार्डात ने. सरळ यार्डात. पाहुणा येतोय, ऐकतोयस ना?"

"हलवायची नाही," अक्का जमिनीवरूनच म्हणाली. "दारावर लिहिलंय. पोलीस येईपर्यंत हलवायची नाही."

"दारावर लिहिलेलं तू मला वाचून दाखवणार?"

"तुम्हाला येत नसेल तर दाखवते."

मुकादमाने तिच्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं. धाकटा गाडीत चढला. चार माणसांनी पंक्चरवाल्याला भाजीच्या टेम्पोत घातलं, अक्का ट्यूब धरून त्याच्या उशाशी बसली, आणि टेम्पो वळणावर गेला तेव्हा तिला दिसलं, सात नंबरची गाडी टपरीपासून निघून यार्डाकडे चालली होती. तिच्या जागी दोन बायका झाडूने पाणी लोटत होत्या. पाहुणा आला तेव्हा रस्ता स्वच्छ होता.

दुपारी दवाखान्यातून परत येताना अक्का बाजारावरून आली. दगड कडेला ठेवला होता तिथेच होता, सातचा आकडा वर. कुणी त्याला ठोकरलंही नव्हतं. ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग उचलून कडेवर घेतला.

यार्डात गाडीखालून फिटरचे दोन पाय बाहेर आले होते.

"काय करतोयस रे?"

"हँडब्रेक," गाडीखालून आवाज आला.

"चार वर्षं सापडला नव्हता तुला."

पाय जरा आत सरकले. "अक्का, मला सांगितलं ते करतोय. तार आवळलीय. सपाटीवर धरतो."

"आणि चढावर?"

"मला चढावरचं कुणी विचारलं नाही."

संध्याकाळी मुकादम घरी आला. घर म्हणजे दोन खोल्या, मधल्या दारात धाकट्याची बायको उभी, खाटेवर धाकटा. दुपारपासून त्याने बूट काढले नव्हते. मुकादमाने खुर्ची ओढली, खिशातून फॉर्म काढला. तो भरलेला होता.

"हे बघा," तो म्हणाला, आणि आता तो 'बघा' म्हणत होता. "आपण सगळे घरचेच. साहेबांशी बोललोय मी. हँडब्रेक चालू आहे, फिटरचं तसं लेखी आहे. मग गाडी घसरली कशी? तर दोनच गोष्टी. एक तर डायव्हरने हँडब्रेक ओढला नाही. म्हणजे नोकरी गेली, वर पोलीस. बारा वर्षांची नोकरी."

त्याने दुसरं बोट उघडलं.

"दुसरी गोष्ट अशी, की डायव्हरने ओढला होता. पण अक्का पाण्याची बाटली काढायला केबिनमध्ये चढली, आणि हात लागून सुटला. चूक झाली, माणूस आहे. तिची रोजंदारी आहे, तिला काय, आज बंद, चार महिन्यांनी दुसऱ्या नावाने परत लावू. मी बघतो ना."

"आणि दगड?" अक्काने विचारलं.

"कसला दगड?"

दगड दारामागेच होता. मुकादमाला तो दिसत होता.

"कागदावर दगड नाही," तो म्हणाला. "कुठल्याच कागदावर नाही. मग तो कुठून आणायचा?"

"आणि पत्र्यावरचे दोन ठोके?"

मुकादमाची अंगठी खुर्चीच्या हातावर वाजत होती, ती थांबली. "गर्दी होती," तो म्हणाला. "गर्दीत कोण काय वाजवतं." फॉर्म खाटेवर ठेवून तो उठला. "परवा चौकशी आहे. नुसता अंगठा चालेल."

"मला सही येते," अक्का म्हणाली.

तो गेला. मग धाकट्याच्या बायकोने ताटं वाढली. अक्काचं ताट रोज पहिलं वाढायची ती, आजही पहिलंच वाढलं, आणि समोर बसली.

"वन्सं, मी काही म्हणत नाही."

"म्हण की. तोंड शिवलंय का?"

"यांची पेन्शनीची नोकरी आहे."

"आहे."

"तुमचं रोजचं काय, आज आहे उद्या नाही. आणि तुम्हाला आम्ही काही टाकणार आहोत का?"

असं कधीच बोलायची नाही ती. चांगली बाई होती. अक्काच्या पायांना संध्याकाळी तेल लावायची, आणि तेही न बोलता. म्हणूनच अक्काला ते जास्त लागलं. तिने धाकट्याकडे बघितलं. म्हणाली, "तू बोल."

धाकट्याने घास तोंडात घातला आणि चावत राहिला. चावत राहिला. एवढं चावण्यासारखं त्या घासात काही नव्हतं.

अक्का ताटावरून उठली. लहानपणी त्याला मारायचं म्हणून तिने कितीदा हात उगारला होता आणि कितीदा तो हात त्याच्या डोक्यावरूनच फिरला होता. आज उगारला असता तर खालीच आला असता. म्हणून तिने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सात नंबर यार्डातच उभी होती. मुकादमाने अक्काला ढिगावर लावलं, एकटीला, उन्हात. टोपलं भरायचं, उचलायचं, तीन नंबरच्या गाडीत ओतायचं. तीन नंबरवरचे लोक नजर चुकवत होते. पण त्यांची गाडी थांबली, दगड लागला, दोन ठोके पडले, की प्रत्येक वेळी ते सगळे नकळत अक्काकडे बघायचे आणि पटकन दुसरीकडे बघायचे.

काम सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. पंक्चरवाला झोपला होता. चादर एका बाजूला सपाट होती. त्याची बायको बाकावर बसली होती, मांडीवर त्याचा एक बूट. दोन्ही घरी न्यायचे की एक, हे तिला ठरवता आलं नसावं.

"तूच दगड लावायचीस ना?" तिने विचारलं.

"हो."

"रोज लावायचीस. आमच्या टपरीतून दिसायचं. हे म्हणायचे, अक्का आली, आता दोन वाजतील. दोन ठोके पडले की हे हसायचे." ती थांबली. "मग त्या दिवशी का नाही लावलास?"

अक्काने सांगितलं. पहिल्यापासून, सहा पावलांपर्यंत, आणि त्यानंतरचंही. बाईने सगळं ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पालिकेतून माणूस येऊन गेला," ती म्हणाली. "म्हणाला, कामगाराचा वैयक्तिक हलगर्जीपणा आहे, पालिकेचा संबंध नाही, औषधपाण्याचं तुमचं तुम्ही बघा. आणि तू मला हे सांगतेस. मी काय करू याचं? मला नको सांगू. जिथं लिहून घेतात तिथं सांग."

चौकशी यार्डाच्या ओसरीत झाली. चौकशीला आलेल्या पालिकेच्या साहेबांना कामगारांचा वास सोसत नव्हता, म्हणून केबिनऐवजी बाहेर टेबल मांडलं होतं. साहेब तरुण होते, नाकाशी रुमाल होता. शेजारी मुकादम, मागे फिटर आणि स्टोअरकीपर. बाकीच्या गाड्यांचे लोक डबे पुसायचं निमित्त करून आसपासच घोटाळत होते.

धाकट्याला आणि अक्काला उभं ठेवलं होतं. अक्काच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

साहेबांनी कागद वाचला. "गाडीचा हँडब्रेक सुस्थितीत असल्याचा फिटरचा अहवाल आहे. घटनेच्या वेळी महिला मजूर केबिनमध्ये..." ते थांबले. "यावर तुमची सही नाही."

"ते माझं नाही, साहेब. मी केबिनमध्ये चढलेच नव्हते. मी गेटपाशी होते, मुकादमांनी पाठवलं म्हणून. दगड लावू दिला नाही, म्हणून."

"कसला दगड? पालिकेच्या गाड्या दगडावर थांबत नाहीत."

अक्काने गोणपाट सोडलं आणि दगड टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं. साहेबांचा चहा बशीत सांडला.

"हा. रंग तुमचा, आकडा तुमचा. बाकीचे आठ तिकडे चाकांखाली आहेत, मान वळवली तर दिसतील."

साहेबांनी मान वळवली नाही. "रंग काय, कुणीही लावेल." त्यांनी स्टोअरकीपरकडे बघितलं. स्टोअरकीपर आपल्या चपलांकडे बघत होता. त्याने घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि शेवटी म्हणाला, "रंग आपल्याकडचाच वाटतो, साहेब." एवढंच. पण एवढं बोलून त्याला घाम फुटला.

"हे बघा बाई, हँडब्रेक चालू आहे. मी स्वतः काल ओढून बघितलाय. इथेच, यार्डात."

"इथं सपाट आहे, साहेब." अक्काचा आवाज आता चढला होता, आणि तिने तो चढू दिला. "गाडी त्याच चढावर नेऊ. तुम्ही तुमच्या हाताने हँडब्रेक ओढा. आणि पंक्चरवाला बसायचा त्या जागी मुकादमांना बसवा. स्टूल मोडलंय, मी घरून आणते."

डबे पुसणाऱ्यांचे हात थांबले. साहेब मुकादमाकडे बघू लागले. मुकादमाने हसायचा प्रयत्न केला. "काय बोलतेय ही, साहेब! डोक्यावर परिणाम झालाय."

"बसता का?" अक्काने सरळ त्यालाच विचारलं. "चालू आहे ना? मग बसा की. पाठ करून बसा. टबात बघत."

मुकादमाने साहेबांकडे बघितलं. फिटर हळूच दोन पावलं मागे सरकला.

"डायव्हर," साहेब शेवटी म्हणाले, जरा घाईने. "तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही हँडब्रेक ओढला होता का नाही?"

धाकट्याने मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. दोन ठोके आले. मी पाय काढला."

"कुणाचे ठोके?"

"अक्काचा हात असा वाजत नाही," तो म्हणाला. तो साहेबांशी बोलत नव्हता. "तिचा तळवा वाजतो. मऊ. आणि मोजा घातला असला तर आणखी मऊ. हे ठोके टणटण वाजले. अंगठी वाजली." तो थांबला. "मला कळलं, अक्का. तेव्हाच कळलं, की हे तुझे नाहीत. तरी मी पाय काढला."

"का?" अक्काने विचारलं.

"मुकादमांनी वाजवलं म्हणून."

अक्काला वाटलं होतं, तो खरं बोलला की तिचा राग उतरेल. तो उतरला नाही. नुसता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला आणि तिथे जास्त जड झाला. बारा वर्षांत या माणसाचं डोकं इतकं वाकवलं होतं, की अंगठीच्या आवाजाने त्याचा पाय उठत होता, आणि कळून उठत होता. आणि वाकवणारा तिथेच उभा होता, शिट्टी गळ्यात घालून.

"लिही," ती म्हणाली.

"काय?"

"सहावी ओळ. घडलेली हकीकत स्वतः लिहून द्यावी. आत्ता बोललास ते जसंच्या तसं लिही. पाय काढला तेही लिही. कळलं होतं तेही लिही. आणि दोनदा लिही, एक प्रत यांना, एक आपल्याला."

"अक्का, ते लिहिलं तर मी..."

"तुझंही जाईल आणि माझंही. माहिती आहे मला. लिही."

साहेब म्हणाले, त्याची काही गरज नाही. मुकादम म्हणाला, पेन नाही. स्टोअरकीपरने आपल्या खिशातला पेन काढून टेबलावर ठेवला.

धाकटा ओसरीच्या पायरीवर बसला आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागला. हळू लिहायचा तो, जिभेचं टोक दातात धरून. दुसरीत असताना धरायचा तसं. अक्का त्याच्या डोक्यावरून वाचत होती आणि एका ठिकाणी म्हणाली, "अंगठी राहिली." त्याने अंगठी लिहिली. खाली त्याने सही केली, तिनेही केली, दोन्हींवर.

साहेबांनी एक प्रत दोन बोटांत धरून बॅगेत टाकली. धाकट्याला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. अक्काला म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका." आणि मग टेबलाकडे बोट करून, "तो दगड इथेच राहू दे."

"का?" अक्का म्हणाली. "पालिकेचा नाही म्हणालात ना? मग माझा आहे."

तिने तो गोणपाटात गुंडाळला आणि कडेवर घेतला.

सकाळी उठून तिने दुसरी प्रत पंक्चरवाल्याच्या बायकोसाठी पिशवीत घातली. धाकट्याच्या बायकोने अक्काच्या डब्याला दोनदा फडकं बांधलं आणि दुसरी गाठ बांधताना म्हणाली, "त्यांच्या बायकोला सांगा, मी संध्याकाळी येते बसायला." धाकटा उंबऱ्यात बसून आपले बूट धूत होता. अक्काने दगडही घेतला. कशाला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात ठेवून जाववेना, एवढंच.

दवाखान्याची वाट यार्डाच्या फाटकावरून जाते. यार्ड खोलात आहे, फाटक उंचावर, मधे छोटासा चढ. रोज सकाळी गाड्या त्या चढावर एकामागे एक उभ्या राहतात, आणि प्रत्येक डायव्हर खाली उतरून फाटकावरच्या वहीत सही करून बाहेर पडतो. सगळ्यात पुढे आज सात नंबर होती, बदली डायव्हरच्या हातात. फळीवर दुसरी एक बाई उभी होती, तिच्या पायाशी काहीच नव्हतं. मुकादम गाडीमागे उभा राहून शिट्टी फुंकत होता.

"उतर, सही कर! खोळंबा होतोय!"

बदली डायव्हर उतरला नाही. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. त्याला फाटकाबाहेर अक्का दिसली, आणि तिच्या कडेवरचं गोणपाट दिसलं.

"अक्का," तो म्हणाला, "जरा तो लावतेस का?"

"कशाला? हँडब्रेक सुस्थितीत आहे. साहेबांचा कागद आहे तसा. ओढ आणि उतर."

डायव्हरने हँडब्रेक ओढला. करकर आवाज आला. पण ब्रेकवरचा पाय त्याने काढला नाही, तो आरशात बघत राहिला. आरशात मुकादम होता. मुकादमाने शिट्टी तोंडातून काढली, गाडीच्या मागच्या चाकाकडे बघितलं, चढाकडे बघितलं, आणि कुणी काही न सांगता गाडीमागून बाजूला होऊन भिंतीला चिकटून उभा राहिला.

ते डायव्हरने बघितलं. फळीवरच्या बाईने बघितलं, आणि तीही उतरून भिंतीकडे गेली. मागच्या आठ नंबरने गाडी हळूहळू मागे घेतली, मग तिच्या मागच्याने. खाली यार्डात भोंगे वाजू लागले.

"उतर म्हणतोय ना!" मुकादम भिंतीपासूनच ओरडला.

"तुम्ही या ना आधी जागेवर," डायव्हर म्हणाला.

अक्काने दगड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतला आणि ती दवाखान्याच्या वाटेला लागली. वळणापर्यंत तिला भोंगे ऐकू येत होते. गाडी जागची हलली नव्हती.